वेलांटी आधी की अक्षर आधी?

देवनागरी लिहिणाऱ्याला कधी जाणवत नाही आणि छापणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही अशी एक गोष्ट आहे. ‘कि’ म्हणताना तोंडातून आधी क निघतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी आधी उभी असते आणि क तिच्या मागून येतो. तोंडाचा क्रम एक, डोळ्याचा दुसरा. आमच्या घरात ही पहिली वेलांटी तिघांनी तीन यंत्रांवर हाताळली. आजोबांनी शिशाच्या खिळ्यांत, आत्याने टाइपरायटरवर, काकाने संगणकाच्या फॉन्टमध्ये. तिघांनीही ती डोळ्याला दिसते तिथेच, अक्षराच्या आधी ठेवली. मी मजकूर हाताळणारे प्रोग्रॅम लिहिते आणि माझ्याकडे ती अक्षरानंतर साठवली जाते. या एवढ्याशा फरकापायी मला तिघांच्याही गोष्टी नव्याने, कान देऊन ऐकाव्या लागल्या.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. कराडच्या एका छोट्या छापखान्यात ते जुळारी होते. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, निवडणूक आली की उमेदवारांची पत्रकं, असा सगळा मामला. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने केसमधल्या घरांतून एकेक खिळा उचलून तिच्यात उभा करायचा. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं, त्यातून स्टिकमध्ये ते पायावर नाही तर डोक्यावर उभं. तरी अण्णा वर्तमानपत्र वाचावं तसं ते भराभर वाचायचे. इंग्रजीच्या जुळाऱ्याला एका जागी उभं राहून काम करता येतं, मराठीच्या जुळाऱ्याला येरझाऱ्या घालाव्या लागतात, असं ते म्हणत. त्यात अतिशयोक्ती कमीच होती. इंग्रजीची मोठी लिपी, लहान लिपी, आकडे आणि विरामचिन्हं मिळून शंभराच्या आसपास घरांत काम भागतं. देवनागरीत अक्षर वेगळं, त्याचं अर्धं रूप वेगळं, जोडाक्षर वेगळं, उकार लागलेलं अक्षर वेगळं, अशी घरं काही शेकड्यांत जातात.

शिसं चौकोनी असतं, हे या सगळ्याचं मूळ. अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. म्हणजे एका ओळीचे तीन मजले. हे तीन मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी रचायचे, तर जुळवणी किचकट होते आणि छापताना वरची मात्रा जराशी सरकून शेजारच्या अक्षरावर जाते. ‘कु’, ‘के’ असे अख्खे खिळे ओतावेत, तर छपाई देखणी होते पण केस फुगत जाते. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या उतरवण्याचा खटाटोप केला तो याच पेचातून. सावरकरांची अि, अु वाली लिपिसुधारणा आज आपल्याला भाषाशुद्धीच्या खात्यात जमा वाटते. अण्णा तिच्याकडे निव्वळ जुळाऱ्याच्या नजरेने बघायचे. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांची घरं रिकामी होणार म्हणजे तेवढा हात कमी फिरणार.

छापखान्यातल्या दंतकथा अण्णांकडे भरपूर होत्या. त्यातल्या बऱ्याच त्यांच्या फोरमनने त्याच्या फोरमनकडून ऐकलेल्या. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं, हे इतिहासात आहे. लोक छापील पोथीला शिवेनात, कारण शाईत चरबी असते, म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपात शाई कालवली, हे अण्णांच्या तोंडून ऐकण्यासारखं. त्या तुपाचा वास छापखान्याबाहेर रस्त्यापर्यंत यायचा, एवढी भर बहुधा त्यांची स्वतःची. त्यांचा खरा जीव जावजी दादाजींवर. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेला हा माणूस पुढे स्वतः खिळे ओतायला लागला आणि १८६९ साली त्याने निर्णयसागर छापखाना काढला. जावजींसाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर अक्षरं कोरली. निर्णयसागरचा संस्कृत ग्रंथ अण्णा उघडायचे तो वाचायला नव्हे. भिंग लावून जोडाक्षरं बघायचे. ‘द्ध’ बघ, ‘ङ्क्त’ बघ, असं आम्हाला दाखवायचे. आम्हाला त्यात काही कळायचं नाही.

वेलांटीचं मात्र कळायचं, कारण ते हातात देऊन दाखवत. त्यांच्या केसमध्ये पहिल्या वेलांटीचे खिळे दोन रुंदीचे होते. ‘कि’ला आखूड कमानीची आणि ‘क्ति’सारख्या रुंद जोडाक्षराला लांब कमानीची. आधी वेलांटी उचलायची म्हणजे पुढे कुठलं अक्षर येणार हे वेलांटी उचलतानाच माहीत हवं. जुळारी नेहमी एक अक्षर पुढचं वाचत असतो, असं ते म्हणायचे. हे वाक्य पुढे माझ्या फार कामी आलं.

आत्या मामलेदार कचेरीत टंकलेखक होती. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाज मराठीत आलं आणि मराठी टाइपरायटरवर बसणाऱ्यांना नोकऱ्या मिळू लागल्या. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा, मग ४० शब्दांची. अण्णांच्या केसमध्ये शेकड्यांनी असलेली घरं या यंत्रात नव्वदीच्या आसपास आणून बसवलेली. ती कशी मावली, तर ख, भ, थ अशी अक्षरं यंत्रात पूर्ण नव्हतीच. अर्धा ख मारायचा आणि त्याला काना जोडायचा की पूर्ण ख. म्हणून आत्याच्या मशीनवर सगळ्यात झिजलेली कळ कान्याची. वेलांटी इथेही आधी. सेवेत लागल्यावर कधीतरी तिने एका साहेबाला विचारलं होतं, की र ला अर्धा करून य ला जोडायचा, ‘दुसऱ्या’मधला, तो या मशीनवर नीट येत नाही, काय करू? साहेब म्हणाले, रफार दे, लोक समजून घेतील. लोकांनी समजून घेतलं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्राइतका फरक आहे, पण सातबाराच्या अर्जात दोन्हींचा संबंध क्वचितच येतो. हिंदीला नको असलेला आणि मराठीला हवाच असलेला हा र पुढेही यंत्रांच्या कचाट्यात सापडत राहिला. त्याच्याकडे नंतर येते.

काकाने नव्वदच्या दशकात डीटीपीचं दुकान टाकलं. एक संगणक, पेजमेकर, लेझर प्रिंटर. बटरपेपरवर पान काढायचं आणि ऑफसेटवाल्याकडे पोचवायचं. अण्णा तेव्हा थकलेले होते, पण दुकानात येऊन बसायचे. पडद्यावर अक्षर सुलटं दिसतं याचंच त्यांना अप्रूप.

काकाचा फॉन्ट म्हणजे एक बहुरूपी होता. संगणकाच्या लेखी काका इंग्रजीच टंकत होता. फाइलीत रोमन एम, रोमन के, कंस, टक्केवारीचं चिन्ह असलंच काहीबाही साठत होतं. फॉन्टमध्ये एम या अक्षराच्या जागी एमचं चित्र काढायचं सोडून एखादा अर्धा म काढून ठेवलेला, एवढंच. एका बाइटमध्ये २५६ जागा बसतात. त्यातल्या हाताशी येतील त्या जागांवर प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याने आपल्या सोयीने मराठीचे तुकडे मांडले. टायपिंग शिकलेल्या मुलींची बोटं वाया जाऊ नयेत म्हणून कळांचा क्रम टाइपरायटरचाच ठेवला. अर्धा ख अधिक काना, आणि वेलांटी अक्षराआधी. शिशातली सवय अशी टाइपरायटरमार्गे संगणकात उतरली. छापायला हे झकास चालायचं. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, की मराठीचा मागमूस नाही. एका फॉन्टमधला मजकूर निवडून दुसरा फॉन्ट लावला तरी तेच. काकाच्या दुकानात दारावर पाटी होती: फाइलीसोबत फॉन्ट आणावा.

याच काळात याहून शहाणा मार्ग उपलब्ध होता, हे काकाला माहीत होतं. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांवर काम झालं होतं. ते पुढे पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरलं. त्यामागचा विचार मला आजही विलक्षण वाटतो. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे, तर क ला एकच क्रमांक द्या. तो देवनागरीत दाखवायचा, बंगालीत की गुजरातीत, हे वेगळं सांगा. आणि साठवताना उच्चाराच्या क्रमाने साठवा: आधी क, मग वेलांटी. पडद्यावर जागा बदलायचं काम यंत्राने करावं, माणसाने नव्हे. तीच दृष्टी इनस्क्रिप्ट कळफलकात आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना मांडणी तीच. पण काकाला विकायचा होता छापील कागद. इस्कीसाठी वेगळं कार्ड किंवा वेगळं सॉफ्टवेअर लागायचं, आणि गिऱ्हाइकाला पत्रिकेवर हवी असायची वळणदार अक्षरं. मजकूर दहा वर्षांनी कोणाला शोधता येईल का, असा प्रश्न घेऊन लग्नघरातलं कोणी दुकानात येत नाही. म्हणून मी काकाला दोष देत नाही. वर्तमानपत्रांनी आणि प्रकाशकांनीही तेच केलं, त्यांना मात्र थोडा देते.

युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१मध्येच. तिच्यातली भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. फरक इतकाच, की युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र पट्टा दिला. पण पट्ट्यातला क्रम तोच ठेवला, त्यामुळे देवनागरी क पासून बंगाली क बरोबर १२८ घरं पुढे सापडतो आणि त्याच्यापुढे तितक्याच अंतराने गुरमुखी, मग गुजराती. वेलांटीचा निकाल उच्चाराच्या बाजूने लागला. तो तसाच लागायला हवा होता, असं नाही. थाई लिपीही ब्राह्मीच्याच कुळातली आहे. तिच्यातही काही स्वरचिन्हं व्यंजनाआधी लिहितात. थायलंडच्या आधीच्या मानकात ती दिसतात तशीच, आधी साठवली जात, आणि युनिकोडने तिथे तो क्रम जसाच्या तसा उचलला. थाई शब्द अकारविल्हे लावणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणून आधी अदलाबदल करून घ्यावी लागते. आपल्याकडे ती उलाढाल पडद्यावर अक्षर काढताना होते. म्हणजे अण्णांचं पुढचं अक्षर वाचून ठेवण्याचं काम आता यंत्राकडे आहे: क, मग वेलांटी, असं वाचायचं, आणि काढताना वेलांटीला उचलून क च्या, किंवा अख्ख्या ‘क्त’च्या आधी नेऊन ठेवायचं. विंडोज २०००मध्ये हे घरबसल्या होऊ लागलं आणि त्याच्यासोबत र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट आला.

आता एडिटर. अक्षरांना क्रमांक देऊन झाले तरी ते क्रमांक फाइलीत कसे लिहायचे हा प्रश्न उरतोच. त्याचं आज सर्वत्र चालणारं उत्तर, यूटीएफ-८, १९९२च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर मांडलं. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. पहिला बाइट सांगतो की पुढे किती बाइट आपले. पण फाइलीच्या कपाळावर ‘मी यूटीएफ-८ आहे’ असं लिहिलेलं नसतं. एडिटरला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला की काय होतं ते एकदा नीट बघण्यासारखं आहे.

‘मराठी’ हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी: पाच चिन्हं, पंधरा बाइट. एडिटरने पश्चिम युरोपची जुनी एकबाइटी पद्धत धरून तो उघडला, तर पंधरा वेगळी चिन्हं दिसतील. पाचही अक्षरांची सुरुवात डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या रोमन ए ने. त्याच्यापुढे पहिल्या चार वेळा चार शेपट्यांचं एक गोल, जे कुठल्याही देशाचं नसलेलं चलनाचं चिन्ह आहे. मग म च्या जागी नोंदणीकृत मालाचं गोलातलं आर. र च्या जागी तापमानाचा अंश. कान्याच्या जागी पाऊण, चक्क तीन छेद चार. ठ च्या जागी काहीच नाही, कोरी जागा. आणि दुसऱ्या वेलांटीशी येईपर्यंत गोलाची जागा जपानी येनने घेतलेली असते, त्याच्यामागे युरो. पहिली वेलांटी असती तर तिथे स्पॅनिश लोक वाक्याच्या सुरुवातीला लावतात ते उलटं प्रश्नचिन्ह आलं असतं. हे इतकं ठरलेलं असतं, की सरावाने मला हा कचरा बघून मूळ मराठी शब्दाचा अदमास येतो. उलटा खिळा वाचणाऱ्याच्या घरात जन्मल्याचा एवढा तरी उपयोग.

असा कचरा दिसला की घाबरू नये. बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्याने चष्मा चुकीचा लावलाय. एडिटरच्या मेनूत जाऊन यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडावं आणि तोवर ‘सेव्ह’ला हात लावू नये. घाबरायचं ते सुलट्या प्रश्नचिन्हांना. देवनागरी मजकूर एकबाइटी पद्धतीत साठवायला सांगितला, की ज्याला तिथे जागा नाही अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी एडिटर प्रश्नचिन्ह लिहून टाकतो. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हं. ‘हिंदी’चीही पाचच. त्यातून मागे येण्याला वाट नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये पूर्वी नव्या फाइलीसाठी एकबाइटी पद्धतच गृहीत धरलेली असायची. साठवताना तो सावध करायचा, पण त्या खिडकीतलं इंग्रजी वाचतो कोण? २०१९च्या सुधारणेपासून यूटीएफ-८ गृहीत धरलं जाऊ लागलं.

चिन्हं मोजण्याचा घोळ याहून जुना. ‘क्षितिज’ डोळ्याला तीन अक्षरं. अण्णांच्या स्टिकमध्ये पाच खिळे: वेलांटी, क्ष, वेलांटी, त, ज. युनिकोडमध्ये सात चिन्हं, कारण क्ष म्हणजे क, हलंत, ष. फाइलीत २१ बाइट. आता ‘या रकान्यात जास्तीत जास्त २० अक्षरं’ असं एखाद्या अर्जावर लिहिलेलं असेल, तर ती कोणाच्या हिशेबाने? ‘क्षि’च्या पुढे कर्सर ठेवून मागे खोडायची कळ दाबली तर बहुतेक एडिटर फक्त वेलांटी काढतात. पुढचं खोडायची कळ दाबली तर अख्खं अक्षर जातं. हे मला आवडतं. मागे खोडणारा माणूस आत्ताच टंकलेलं चुकलंय म्हणून खोडत असतो, त्याला शेवटची कळ परत हवी असते. कोणीतरी विचार करून केलेलं काम आहे. उलट पायथन भाषेत ‘शब्द शोध’ असं नेहमीच्या सूत्राने सांगितलं, तर काना, मात्रा, वेलांट्या या शब्दाचा भागच धरल्या जात नाहीत आणि ‘मराठी’चे दोन शब्द हाती येतात: ‘मर’ आणि ‘ठ’.

एडिटरमध्ये देवनागरी बसवण्यासाठी ज्यांनी आधी हात काळे केले त्यांत जपानी लोक होते, हे फारसं कोणाला माहीत नसतं. जपानीला हजारो चित्राक्षरं हवीत, म्हणून त्सुकुबाच्या सरकारी प्रयोगशाळेत हांडा केनिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्स या एडिटरची ‘म्यूल’ नावाची बहुभाषी आवृत्ती रचली. जपानीपुरतं करून थांबायचं नाही, असं ठरवलं. कावाबाता ताइची यांनी तिच्यात देवनागरीची जुळवणी लिहिली. १९९७मध्ये म्यूल मूळ ईमॅक्समध्ये मिसळलं, आणि २००९च्या तेविसाव्या आवृत्तीत त्याने पोटातलं सगळं युनिकोडवर आणलं. त्यात जगभरच्या भाषांत नमस्कार लिहिलेली एक फाइल असते. नव्या संगणकावर मी ती आधी उघडते. देवनागरी नीट दिसली की बाकीचं नीट चालणार.

काकाने दुकान बंद केलं तेव्हा त्याच्याकडे खोकी भरून फ्लॉप्या होत्या. गावच्या ग्रंथालयाच्या स्मरणिका, दोन स्थानिक कवींचे संग्रह, एका वैद्यबुवांचं वनस्पतींवरचं पुस्तक. ज्या वाचता आल्या त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं मी अंगावर घेतलं. बहुरूप्याने कुठल्या रोमन चिन्हामागे काय दडवलंय याचं कोष्टक करायला काका शेजारी बसला. तो पडद्यावर न बघता नुसता बोटांनी टेबलावर टंकून सांगायचा. कोष्टक सोपं, क्रम अवघड. ‘आर्थिक’ हा शब्द बघा. काकाच्या फाइलीत: आ, वेलांटी, थ, रफार, क. युनिकोडला हवं: आ, र, हलंत, थ, वेलांटी, क. एकाच थ च्या भोवती दोन उड्या. वेलांटीने मागून पुढे जायचं, रफाराने पुढून मागे. त्यातून ‘थ’ हा अर्धा थ अधिक काना असा दोन तुकड्यांत, म्हणजे वेलांटीने पहिल्या तुकड्याशी थांबून चालत नाही. ‘शक्ति’ असेल तर अर्धा क ओलांडून त च्या पलीकडे जायचं. कुठे थांबायचं ते पुढचं अक्षर वाचल्याशिवाय ठरत नाही.

‘दुसऱ्या’नेही शेवटी सतावलंच. युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक, ज्याला रुंदी नसते. पडद्यावर दोन्ही ‘दुसऱ्या’ हुबेहूब. शोधताना मात्र एक टंकलं तर दुसरं सापडत नाही. एका फाइलीत चाळीस ठिकाणी असलेला शब्द एडिटर नऊ ठिकाणी आहे म्हणून सांगतो आणि तुम्ही विश्वास ठेवता. इनस्क्रिप्टवर ऱ ला स्वतंत्र कळ आहे, र चीच, शिफ्टसकट. ती वापरावी आणि आपल्या सगळ्या फाइलींत एकच तऱ्हा ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. असाच प्रकार ‘ॲ’चा. त्याला स्वतंत्र घर मिळालं २००८मध्ये. त्याआधीच्या फाइलींत तो अ आणि चंद्र असा जोडून येतो, किंवा हिंदीतला ऍ म्हणून. ‘ॲडमिशन’ शोधायला तीनदा शोधावं लागतं.

सध्या आत्या आणि मी अण्णांच्या ट्रंकेतले मोडी कागद उतरवतोय. मोडी तिला अण्णांनी शिकवली. ती वाचते, मी टंकते. मोडीला छापाचं वावडं सुरुवातीपासून नव्हतं. विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१० साली मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांत. युनिकोडमध्ये मोडी आली २०१४ साली, आणि तोवर आधीच्या, कमी क्रमांकांच्या प्रशस्त वस्तीत जागा उरली नव्हती. तिला लांबचं घर मिळालं. त्यामुळे मोडीचं प्रत्येक चिन्ह फाइलीत चार बाइट खातं. यूटीएफ-८ म्हणवणारे काही डेटाबेस तीनच बाइटांची तयारी ठेवून बसलेले असतात. तिथे मोडीचं पहिलं अक्षर आलं की मजकूर तिथेच तुटतो. काही एडिटर मोडीचं एक अक्षर दोन म्हणून मोजतात. साध्या फाइलीत, साध्या एडिटरमध्ये, नोतो घराण्यातला मोडी फॉन्ट लावून काम चालतं.

मोडीत वेलांटी उजवीकडेच असते, अक्षरानंतर. उडी मारायचं कारण नाही. पण लिहिणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घाचा फरक केलेला नसतो. एकच वेलांटी दोन्हीकडे. युनिकोडने मात्र दोन वेगळी चिन्हं दिली आहेत. एका गहाणखतात गावाचं नाव आलं. आत्या म्हणाली, वेलांटी आहे. मी विचारलं, कुठली? ती म्हणाली, “अगं, मोडीत कुठली नसते, नुसती वेलांटी असते.” यंत्राला दोन्हींपैकी एक सांगावीच लागते, आणि आज ऱ्हस्व, उद्या दीर्घ असं केलं तर ते गाव पुन्हा शोधून सापडायचं नाही. मी सगळीकडे दीर्घच टंकते, आणि तसं प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवते.